तीन प्रती ठेवल्या, पण त्या वाचून कोण पाहतो?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

महापालिका, विद्यापीठ, सहकारी बँक किंवा एखादे जुने ग्रंथालय आपला डेटा नव्या साठवणयंत्रणेत हलवते, तेव्हा बातमीत एक वाक्य हमखास असते: ‘प्रत्येक फाइलच्या तीन प्रती वेगवेगळ्या सर्व्हरवर असल्याने डेटा पूर्णपणे सुरक्षित आहे.’ वाक्याचा पहिला भाग बहुतेक वेळा खरा असतो. दुसरा भाग त्यातून आपोआप निघत नाही. तीन प्रतींचा खर्च सगळे करतात, पण त्या प्रती ठरावीक काळाने वाचून एकमेकींशी ताडून पाहण्याचे काम ना निविदेत असते, ना कोणाच्या जबाबदारीच्या यादीत. अशा यंत्रणा सांभाळणारे आम्ही काहीजण त्याबद्दल थोडे सविस्तर लिहीत आहोत.

डिस्क नेहमी ठणाणा करून बंद पडते असे नाही. बऱ्याचदा डिस्क चालू असते, दिवा हिरवा असतो, पण तिच्यावरचे काही सेक्टर, म्हणजे साठवणीचे छोटे कप्पे, वाचता येईनासे झालेले असतात. ते सेक्टर कोणी वाचायला जात नाही तोवर कळतही नाही. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकातच न वाचता येणाऱ्या बिटाचे प्रमाण १ वर १४ शून्ये एवढ्या बिटांमागे एक, म्हणजे साधारण १२.५ टेराबाइट वाचनामागे एक, असे दिलेले असते. सर्व्हरसाठीच्या महाग डिस्कला ते दहापट चांगले असते. ही कंपनीने सांगितलेली मर्यादा आहे, प्रत्यक्षात डिस्क पुष्कळदा याहून बरी चालते. पण दुसरा एक प्रकार याहून वाईट. त्यात डिस्क ‘वाचले’ म्हणते, चूकही दाखवत नाही, आणि हातात चुकीचे बाइट देते. कधी लिहिल्याचे सांगितलेले प्रत्यक्षात लिहिलेलेच नसते, कधी ते भलत्याच जागी लिहिले जाते, कधी कंट्रोलरच्या फर्मवेअरमध्ये किंवा ईसीसी, म्हणजे चूक ओळखून सुधारण्याची सोय, नसलेल्या रॅममध्ये वाटेतच एखादा बिट उलटतो.

हे दुर्मीळ आहे असे वाटत असेल तर २००८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास पाहावा. नेटॲप या साठवणयंत्रणा बनवणाऱ्या कंपनीच्या यंत्रणांमधील १५ लाख ३० हजार डिस्क ४१ महिने तपासल्या, तेव्हा चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, न जुळल्याची ४ लाखांहून अधिक प्रकरणे सापडली. त्यातली सुमारे ८ टक्के प्रकरणे उघडकीस आली ती एक डिस्क गेल्यावर उरलेल्यांवरून रेड, म्हणजे अनेक डिस्कचा मिळून केलेला संच, पुन्हा बांधताना. म्हणजे दुसऱ्या प्रतीची सर्वांत जास्त गरज असते नेमक्या त्या क्षणी ती खराब निघाली. वेळीच वाचून पाहिले असते तर त्या वेळी चांगली प्रत शिल्लक होती.

पेशवे दप्तरातले मोडी रुमाल सांभाळणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. रुमाल बांधून फडताळात ठेवला म्हणून कागद टिकत नाही, तो मधूनमधून सोडून कसर लागली आहे का ते पाहावे लागते.

आता प्रत्यक्ष यंत्रणेकडे. आपल्याकडे आता बऱ्याच संस्थांमध्ये सेफ (Ceph) ही मुक्तस्रोत यंत्रणा दिसते. सेज वाइल यांच्या अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील पीएच.डी. संशोधनातून ती उभी राहिली. तिच्यात फाइलचे तुकडे होऊन ते प्लेसमेंट ग्रुपमध्ये, म्हणजे पीजीमध्ये, टाकले जातात आणि प्रत्येक पीजी तीन वेगवेगळ्या ओएसडींवर राहतो. ओएसडी म्हणजे ढोबळपणे एक डिस्क आणि तिचा कारभार पाहणारा प्रोग्रॅम. प्रतींच्या तपासणीला स्क्रब म्हणतात आणि ती दोन प्रकारची असते. साधा स्क्रब साधारण रोज चालतो. तो प्रतींमधील वस्तूंची, म्हणजे त्या तुकड्यांची, यादी, आकार आणि गुणधर्म जुळतात का एवढेच पाहतो, आतला मजकूर वाचत नाही. डीप स्क्रब प्रत्येक बाइट डिस्कवरून वाचून चेकसम ताडतो. मूळ सेटिंगनुसार तो दर ७ दिवसांनी व्हायला हवा. आम्ही या पत्रात ज्याला ‘तपासणी’ म्हणतो ती ही दुसरी.

अडचण साध्या गणिताची आहे. १६ टेराबाइटची डिस्क ७० टक्के भरलेली असेल तर ११.२ टेराबाइट वाचायचे. सेकंदाला १०० मेगाबाइटच्या वेगाने त्याला ३१ तास लागतात. पण डिस्कला वापरकर्त्यांची कामेही करायची असतात आणि तुकडे विखुरलेले असतात. वेग निम्म्यावर आला तर तेच काम ६२ तासांचे होते. दिवसा कामकाज मंदावू नये म्हणून बहुतेक ठिकाणी स्क्रबची वेळ रात्री १२ ते पहाटे ६ अशी बांधलेली असते. आठवड्याचे झाले ४२ तास. ६२ तासांचे काम ४२ तासांत मावत नाही, त्यामुळे दर आठवड्याला शिल्लक वाढत जाते. शेवटी ‘इतके पीजी वेळेत डीप स्क्रब झालेले नाहीत’ असा पिवळा इशारा झळकू लागतो. त्यातच एखादी डिस्क बदलली आणि प्रतींची पुनर्बांधणी सुरू झाली, तर मूळ सेटिंगनुसार त्या ओएसडींवर नवे स्क्रब सुरूच होत नाहीत. महिनाभर रडतखडत चाललेली पुनर्बांधणी म्हणजे महिनाभर जवळपास बंद पडलेली तपासणी.

या इशाऱ्यावर आम्हाला सर्वाधिक वेळा दिसलेला इलाज म्हणजे ‘नोडीप-स्क्रब’ हा झेंडा लावून टाकणे. ज्या तपासणीची शिल्लक वाढल्याची तक्रार असते, ती तपासणीच त्याने बंद होते. तो झेंडा कोणी आणि का लावला हे वर्षभराने कोणालाच आठवत नाही. योग्य इलाज वेगळा आहे. वेळ रात्री १० ते सकाळी ७ करावी, म्हणजे आठवड्याला ६३ तास मिळतात. डीप स्क्रबचे अंतर ७ ऐवजी १४ दिवस, म्हणजे १२ लाख ९ हजार ६०० सेकंद, करावे आणि ते पाळावे. १४ दिवसांची पाळली जाणारी तपासणी ७ दिवसांच्या कागदोपत्री तपासणीपेक्षा कितीतरी चांगली. हे अंतर फक्त ओएसडी विभागात न लिहिता ग्लोबल विभागात लिहावे. नाहीतर ओएसडी नवे अंतर पाळतात आणि इशारा देणारा भाग जुन्याच ७ दिवसांवर हिशेब करत बसतो.

तपासणीत दोष सापडला की ‘हेल्थ एरर, एक पीजी इनकन्सिस्टंट’ असा लाल संदेश येतो. इथे घाई करू नये. इंटरनेटवर शोधले की पहिल्याच ओळीत ‘सेफ पीजी रिपेअर’ ही आज्ञा सापडते आणि ती टाइप केली की लाल संदेश जातोही. पण कोणती प्रत खरी, ती का बिघडली आणि उरलेल्या दोन निरोगी आहेत का, हे त्यातून कळत नाही.

आधी ‘सेफ हेल्थ डिटेल’ चालवून पीजीचा क्रमांक घ्यावा, समजा ४.२बी. मग ‘रॅडोस लिस्ट-इनकन्सिस्टंट-ऑब्ज’ ही आज्ञा त्या क्रमांकावर चालवावी. ‘स्क्रबची माहिती उपलब्ध नाही’ असे उत्तर आले तर त्या पीजीवर पुन्हा डीप स्क्रब लावून तो संपेपर्यंत थांबावे. उत्तरात बिघडलेल्या वस्तूचे नाव आणि तिच्या तिन्ही प्रतींच्या नोंदी येतात: कोणता ओएसडी, ती मुख्य प्रत आहे का, आकार किती, चेकसम काय आणि चूक कोणत्या जातीची. समजा ३ आणि ११ क्रमांकाच्या ओएसडींचे आकार आणि चेकसम एकसारखे आहेत आणि १७ समोर ‘रीड एरर’ आहे. हे सर्वांत सोपे प्रकरण. दोन साक्षीदार एकमताने बोलत आहेत, तिसऱ्याला आपली डिस्क वाचता येत नाही.

तरी लगेच रिपेअर नको. १७ ची डिस्क ज्या सर्व्हरमध्ये आहे तिथे कर्नलचा लॉग पाहावा आणि स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवत असलेल्या आरोग्यनोंदीचे, चार आकडे काढावेत: ५ म्हणजे बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे बदलायचे बाकी असलेले, १९८ म्हणजे न सुधारता येणारे, १९९ म्हणजे वाहतुकीतील चुका. १९७ किंवा १९८ शून्याच्या वर असेल आणि वाढत असेल तर डिस्क जाणार हे धरून चालावे. फक्त १९९ वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा किंवा बॅकप्लेनचा, म्हणजे डिस्क ज्यात खोचतात त्या फलकाचा. तिथे डिस्क बदलून काही होत नाही, नवी डिस्कही महिन्याभरात तेच आकडे दाखवते. आणि एकाच सर्व्हरमधल्या तीन-चार वेगवेगळ्या डिस्कवर चेकसम न जुळण्याच्या तक्रारी येत असतील तर रॅम आणि कंट्रोलर कार्डाकडे पाहावे. अशा सर्व्हरवर रिपेअर चालवणे म्हणजे बिघडलेल्या यंत्राकडूनच दुरुस्ती करून घेणे.

कारण सापडले की मग रिपेअर, आणि रिपेअर संपल्यावर त्याच पीजीवर पुन्हा एकदा डीप स्क्रब. ही शेवटची पायरी निम्मे लोक गाळतात. लाल संदेश गेला म्हणजे दुरुस्ती झाली असे नव्हे, दुसऱ्या वाचनात तिन्ही प्रती जुळल्या म्हणजे झाली. डिस्क काढायची असेल तर ती ओढून काढू नये. आधी ओएसडीला ‘आउट’ करावे, म्हणजे तो चालू राहून आपल्याकडचा डेटा इतरांकडे देतो. सगळे पीजी ‘ॲक्टिव्ह क्लीन’ झाले आणि ‘सेफ-टू-डिस्ट्रॉय’ या आज्ञेने होकार दिला, की मगच डिस्कला हात लावावा. एक सेक्टर खराब असलेल्या डिस्कवरही बाकीचे लाखो तुकडे चांगले असतात. ती घाईने उपटली तर पुनर्बांधणी संपेपर्यंत त्या सगळ्यांच्या दोनच प्रती उरतात.

अवघड प्रकरण असे, की तिन्ही प्रतींचा मजकूर एकमेकींशी जुळतो पण वस्तूच्या नोंदीतल्या चेकसमशी जुळत नाही. इथे प्रत खराब नसून नोंद चुकीची असू शकते, आणि रिपेअर वारंवार चालवूनही दोष जात नाही. वस्तू ‘रॅडोस गेट’ने बाहेर काढावी, ज्याची ती फाइल आहे त्याच्याकडून ती उघडून तपासून घ्यावी, आणि बरोबर असेल तर ‘पुट’ने परत लिहावी. तिन्ही प्रती तीन तऱ्हेच्या असतील तर काहीही दुरुस्त करण्याआधी एकेक ओएसडी थांबवून सेफ-ऑब्जेक्टस्टोअर-टूलने प्रत्येक प्रत बाजूला काढून ठेवावी. जुन्या फाइलस्टोअर पद्धतीत मुख्य प्रतच खराब असली तर रिपेअर तीच इतरांवर पसरवण्याचा धोका होता. २०१७ पासून रूढ झालेल्या ब्लूस्टोअरमध्ये प्रत्येक ४ किलोबाइटमागे चेकसम असल्याने खोटी प्रत ओळखता येते. जुनी यंत्रणा ब्लूस्टोअरवर न नेता चालवणाऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा.

‘तीनऐवजी दोन प्रती ठेवल्या तर डिस्कचा खर्च एक तृतीयांशाने वाचेल’ हा सल्ला आम्ही कोणालाही देणार नाही. दोन प्रती वेगळ्या निघाल्या आणि चेकसमनेही निकाल लागला नाही, तर साक्षीला तिसरा कोणी नसतो. तसेच ‘मिन साइज’, म्हणजे किमान किती प्रती जिवंत असताना काम चालू ठेवायचे तो आकडा, १ करणे. एकच प्रत जिवंत असतानाही लेखन स्वीकारले जाते, आणि ती डिस्क त्याच संध्याकाळी गेली तर दिवसभराचे काम तिच्यासोबत जाते. ही किंमत ३ प्रतींना २ अशीच ठेवावी, अडचणीच्या वेळी तर नक्कीच.

तीनच सर्व्हर घेऊन तीन प्रती ठेवणाऱ्या छोट्या संस्थांनी आणखी एक गोष्ट समजून घ्यावी. एक सर्व्हर बंद पडला तर तिसरी प्रत नव्याने बांधायला चौथी जागाच नसते, तो परत येईपर्यंत दोन प्रतींवर राहावे लागते. चार सर्व्हर असतील तर बंद पडलेल्याचा भार उरलेल्या तिघांवर येतो. सेफ ८५ टक्क्यांना ‘जवळपास भरले’ म्हणते, ९० ला पुनर्बांधणी रोखते आणि ९५ ला लेखन थांबवते. चार सारख्या सर्व्हरचा डेटा तिघांमध्ये ८५ च्या आत मावायचा तर मुळात ६३ टक्क्यांहून जास्त भरू देता कामा नये. विकत घेतानाच हा हिशेब करावा. जागा बचतीसाठी इरेजर कोडिंग, म्हणजे पूर्ण प्रतींऐवजी डेटाचे तुकडे आणि हरवलेले भरून काढणारे जादा तुकडे ठेवण्याची पद्धत, घेतले, समजा चार अधिक दोन, तर दीडपट जागेत दोन तुकडे गेले तरी चालते, पण त्यासाठी सहा सर्व्हर लागतात. तीन सर्व्हरवर ‘बिघाडाचा घटक’ सर्व्हरऐवजी डिस्क ठरवून हे बसवले, तर एकाच सर्व्हरवर तीन तुकडे येऊ शकतात आणि तो सर्व्हर बंद पडताच फाइल वाचता येईनाशी होते.

सेफ नसून हडूप ही दुसरी मुक्तस्रोत यंत्रणा वापरणाऱ्यांची गोष्ट थोडी निराळी. तिथली एफएससीके ही आज्ञा शेवटी ‘हेल्दी’ असा शिक्का देते आणि तोच अहवालाला जोडला जातो. ती आज्ञा डिस्कवरचा मजकूर वाचत नाही, नेमनोडच्या, म्हणजे फाइलचा कोणता तुकडा (ब्लॉक) कुठे आहे याची नोंद ठेवणाऱ्या सर्व्हरच्या, वहीत काय लिहिले आहे तेवढे सांगते. प्रत्यक्ष वाचन करतो डेटानोडवरचा, म्हणजे ब्लॉक साठवणाऱ्या सर्व्हरवरचा, ब्लॉक स्कॅनर. त्याची फेरी ५०४ तासांची, म्हणजे तीन आठवड्यांची ठरवलेली असते, पण मूळ सेटिंगमध्ये त्याचा वेग एका डिस्कमागे सेकंदाला १ मेगाबाइट आहे. तीन आठवड्यांत तो जेमतेम १.९ टेराबाइट वाचतो. ८ टेराबाइटची भरलेली डिस्क एकदा वाचायला त्याला सुमारे ८८ दिवस लागतात. वेग सेकंदाला ५ मेगाबाइट केला तर फेरी अठरा दिवसांत बसते आणि डिस्कवर जाणवेल असा भारही पडत नाही. हा एक आकडा कितीतरी ठिकाणी कोणी कधी बदललेलाच नसतो, याचे आम्हाला खरोखर वाईट वाटते.

एफएससीकेचा ‘डिलीट’ हा पर्याय बिघडलेली फाइल पुसतो, दुरुस्त करत नाही. ब्लॉक ‘मिसिंग’ दिसला की आधी एखादा डेटानोड बंद आहे का ते पाहावे. साडेदहा मिनिटे संपर्क नसला की नेमनोड त्याला मृत धरतो, आणि तो परत आला की ब्लॉकही परत येतात. वीज गेल्यावर दोन नोड उशिरा सुरू झाले आणि तेवढ्यात कोणी ‘डिलीट’ चालवले, तर शाबूत फाइल हकनाक जातात.

यंत्रणेने जपले तरी तिला मुळात काय मिळाले हा प्रश्न उरतोच. स्कॅन केलेली टिफ फाइल नेटवर्कवरून येताना अर्धवट राहिली असेल तर यंत्रणा त्या अर्धवट फाइलच्या तीन अगदी अचूक प्रती सांभाळते आणि प्रत्येक स्क्रब उत्तीर्ण होतो. म्हणून स्कॅनरजवळच, फाइल हलवण्याआधी, तिचा एसएचए-२५६ हा चेकसम काढून यादीत लिहावा आणि साठवणीत गेल्यावर पुन्हा काढून ताडावा. अभिलेखागारांसाठी बॅगइट ही साधी, खुली पद्धत यासाठीच आहे. त्यात फाइलींच्या पेटीबरोबर चेकसमची यादीही प्रवास करते. जुनी वर्तमानपत्रे आणि हस्तलिखिते डिजिटल करणाऱ्या आपल्याकडच्या प्रत्येक संस्थेने ही यादी साठवणयंत्रणेबाहेरही एका जागी ठेवावी. कागद जीर्ण होऊन गेला की चेकसम न जुळलेल्या पानाचे पुन्हा स्कॅन करता येत नाही.

प्रती म्हणजे बॅकअपही नव्हे. पुसण्याची आज्ञा तिन्ही प्रतींना एकाच वेळी लागू होते. डिसेंबर २०२१ मध्ये जपानच्या क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावर बॅकअपच्याच एका स्क्रिप्टमधील चुकीने सुमारे ७७ टेराबाइट, ३ कोटी ४० लाख फाइल पुसल्या गेल्या.

निविदा काढणाऱ्या अधिकाऱ्यांना आणि अशा प्रकल्पांची बातमी करणाऱ्या आपल्या वार्ताहरांना आमची विनंती आहे की ‘किती टेराबाइट?’ बरोबर आणखी काही विचारावे. सर्वांत जास्त काळ डीप स्क्रब न झालेल्या पीजीची शेवटची तपासणी कोणत्या तारखेची? सरासरी नको, सर्वांत जुनी तारीख हवी. गेल्या तिमाहीत किती दोष सापडले, कोणत्या डिस्कवर, आणि दुरुस्तीनंतर पुन्हा तपासले का? वर्षभर एकही दोष नाही असे उत्तर शेकडो डिस्कच्या यंत्रणेकडून आले तर तपासणी चालू आहे का हेच आधी पाहावे. ‘नोआउट’, ‘नोस्क्रब’, ‘नोडीप-स्क्रब’ यांपैकी कोणते झेंडे आज लावलेले आहेत आणि ते कधी काढणार? देखभालीसाठी ‘नोआउट’ लावून विसरले तर डिस्क गेल्यावर मूळ सेटिंगमधल्या १० मिनिटांनी आपोआप सुरू होणारी पुनर्बांधणी सुरूच होत नाही. बदली डिस्क जागेवर आहेत, की ऑर्डर दिल्यापासून सहा आठवडे लागणार? आणि बॅकअपमधून यादृच्छिक निवडलेल्या शंभर फाइल परत आणून त्यांचे चेकसम शेवटचे कधी ताडले?

देखभालीच्या करारात ‘९९.९ टक्के उपलब्धता’ हे कलम सर्रास असते आणि त्यावर दंडही असतो. त्याच्याखाली ‘साठवलेला प्रत्येक बाइट दर १४ दिवसांत एकदा वाचून ताडला जाईल, आणि त्याचा पीजीनिहाय अहवाल दर महिन्याला संस्थेला दिला जाईल’ हे एक कलम घालायला वेगळी खरेदी लागत नाही. आज्ञा यंत्रणेत आधीपासून आहेत, अहवाल एका छोट्या स्क्रिप्टमधून निघतो. फक्त तो दर महिन्याला उघडून वाचणारा एक माणूस संस्थेने नावानिशी नेमावा, आणि तो कंत्राटदाराचा नसावा.

आपले,
साठवणयंत्रणांच्या देखभालीत काम करणारे काही तंत्रज्ञ,
पुणे